वर्गातल्या अडचणीवर संशोधन-निधी मागताय? असा लिहा प्रस्ताव

वर्गातली एक अडचण तुम्हाला कधीची खुपतेय आणि तिच्यावर नीट काम करायचंय ना? मग बसा, आज प्रस्ताव लिहूनच टाकू. जवळ घ्या मुलांच्या गणिताच्या वह्या, हजेरीपट आणि कोरे कागद. संगणक अजून उघडू नका.

१. वह्या चाळून वारंवार दिसणारी एकच चूक निवडा. समजा, चौथीच्या वहीत ५२ – २७ चं उत्तर ३५ आलंय. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलानं सातातून दोन वजा केले आणि पुढे पाचातून दोन. म्हणजे वजाबाकी त्याला येते, दशक सुटा करणं येत नाही. हेच नेमकेपणानं लिहा. ‘मुलं गणितात कच्ची आहेत’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

२. ती चूक किती मुलं करतात ते मोजा. पाच हातच्याची आणि पाच बिनहातच्याची गणितं सरमिसळ करून द्या. त्या दिवशी इशारासुद्धा द्यायचा नाही, नाहीतर आकडे खोटे पडतील.

३. प्रश्न एका वाक्यात लिहा: ‘काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडून वजाबाकी करायला दिली, तर चौथीतल्या मुलांच्या हातच्याच्या चुका कमी होतात का?’ उपाय एकच ठेवा. दोन कोंबलेत, तर फरक कशानं पडला ते कळणार नाही.

४. आता योजना निवडा. प्रश्न एका वर्गापुरता असेल, तर ते कृतिसंशोधन. आपल्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, यंदा त्यासाठी काय साहाय्य आहे ते विचारा. अनेक शाळांचा मोठा अभ्यास असेल, तर दिल्लीच्या एनसीईआरटीची ‘एरिक’ समिती अर्थसाहाय्य देते. पहिलीच खेप असेल तर डाएटच गाठा. तिथे समोर बसून मराठीत बोलता येतं.

५. निवडलेल्या योजनेची सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पात्रता, अंतिम तारीख आणि न चालणारे खर्च यांखाली रेघ मारा. व्हॉट्सॲपवर गेल्या वर्षीचीच पीडीएफ फिरत असते, तेव्हा आधी वर्ष बघा.

६. दोन-तीन उद्दिष्टं लिहा. ‘गोडी निर्माण करणे’ मोजणार कसं? काढून टाका.

७. आठवड्यांचा तक्ता आखा: पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, अहवाल. दिवाळीची सुट्टी, सत्र परीक्षा आणि निवडणुकीची कामं आधीच वजा करा.

८. अंदाजपत्रक मांडा. प्रत्येक ओळीत संख्या, दर आणि रक्कम हवी. ४० मुलं, प्रत्येकी १०० काड्या, म्हणजे ४,००० काड्या. त्यापुढे दुकानदाराकडून लेखी घेतलेला दर. प्रत्येक खर्च तक्त्यातल्या एखाद्या कामाशी जुळलाच पाहिजे, जुळत नसेल तर तो खोडा. ‘किरकोळ’ या नावाखाली मोठी रक्कम दिसली की तपासणाऱ्याची पेन्सिल तिथेच थांबते. उलट, अहवालाचं टंकलेखन आणि झेरॉक्स लोक हमखास विसरतात. बेरीज दोनदा करा.

९. पालकांच्या संमतीपत्राचा नमुना जोडा. मुलांची नावं प्रस्तावात कुठेही नकोत, क्रमांक द्या.

१०. दुसऱ्या शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला प्रस्ताव वाचायला द्या. ते जिथे अडखळतील तिथे खूण करा आणि तेवढाच भाग पुन्हा लिहा. तोंडी समजावत बसू नका. तपासणाऱ्यापाशी तुम्ही नसणार.

११. मुख्याध्यापकांच्या सहीनं, योग्य मार्गानं प्रस्ताव पाठवा. आठवडाभर आधीच सहीला ठेवा, कारण साहेब नेमके बैठकीला गेलेले असतात. जावक क्रमांक टिपा आणि पोचपावती घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

१२. उत्तर येईपर्यंत ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर संशोधनपद्धतीचा एखादा अभ्यासक्रम सुरू करा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा आहेच. ‘स्वयम्’वर शिकणं मोफत आहे, पण प्रमाणपत्रासाठी परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची फी भरावी लागते. ती तारीख चुकवू नका.

१३. मंजुरीपत्र हाती पडलं की त्याच दिवशी पावत्यांची फाइल उघडा. शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि पावतीवर शाळेचं नाव नसेल, तर खर्च खरा असूनही नामंजूर होऊ शकतो. काड्या घेतानाच दुकानदाराकडून नाव घालून घ्या.