हजेरीपटातील शून्य आणि रिकामी जागा



संगणकावर ठेवलेल्या हजेरीपटातून सलग तीन दिवस गैरहजर असलेल्या मुलांची यादी रोज आपोआप कशी मिळवावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास पटावर राहतात, परंतु वर्गात दिसेनाशी होतात. पहिल्या काही दिवसांतच पालकांची गाठ घेतल्यास मुलाला गावी आजी-आजोबांजवळ ठेवण्याचा विचार होऊ शकतो. महिनाअखेर बेरीज करताना ही गोष्ट ध्यानी आली, तर बिऱ्हाड केव्हाच हललेले असते.

साधन : गूगल शीट्समध्ये ‘एक्स्टेन्शन्स’ या मथळ्याखाली ‘अ‍ॅप्स स्क्रिप्ट’ हे नाव आढळेल. ते निवडताच आज्ञावली लिहिण्याचे पान, म्हणजे कोड एडिटर, उघडते. हे साधन २००९ साली उपलब्ध झाले. त्यातील भाषा जावास्क्रिप्ट असून तिची रचना ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली केली.

पूर्वतयारी : तक्त्याची पहिली ओळ मथळ्याची असावी. पहिल्या स्तंभात नाव व पुढे शाळेच्या प्रत्येक दिवसाचा एक स्तंभ असावा. सुटीच्या दिवसाला स्तंभ देऊ नये. नवा स्तंभ त्या त्या दिवशीच जोडावा. हजर मुलापुढे १ व गैरहजर मुलापुढे ० लिहावे; हे आकडे इंग्रजी अंकांत असावेत.

कृती :
(१) ‘गेट-व्हॅल्यूज’ या आज्ञेने सर्व तक्ता एकदमच वाचून घ्यावा. एकेक चौकट स्वतंत्रपणे वाचल्यास काम फार मंदावते.
(२) येथे मोजणी शून्यापासून होते. मथळ्याची ओळ क्रमांक ० ची व पहिले मूल क्रमांक १ चे, हे विसरू नये.
(३) प्रत्येक मुलाच्या शेवटच्या तीन चौकटी पाहाव्यात. तिन्हींत शून्य असल्यास नाव ‘गृहभेट’ यादीत घालावे. एखाद्या चौकटीत १ किंवा ० यांखेरीज काहीही असल्यास, अथवा ती रिकामी असल्यास, नाव ‘नोंद तपासावी’ या यादीत घालावे.

पाठाचे मर्म : शून्य म्हणजे मूल आले नाही, रिकामी जागा म्हणजे आपण नोंद केली नाही. पहिली बाब मुलाविषयी आहे, दुसरी आपल्याविषयी. जावास्क्रिप्टमध्ये तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हे लिहिली, तर रिकामी चौकट व शून्य समान ठरतात. तीन चिन्हे लिहिली, तर ती भिन्न ठरतात. म्हणून येथे सदैव तीन चिन्हे लिहावीत. अन्यथा वर्गात बसलेल्या मुलाच्या घरी आपण विचारणा करण्यास जाऊ, आणि अशा दोन-तीन खेपा फुकट गेल्यावर यादीवरील विश्वास उडून खरोखर गेलेल्या मुलाचे नावही दुर्लक्षित राहील.

पडताळा : प्रथम खऱ्या पटावर प्रयोग करू नये. तीन कल्पित नावे घ्यावीत. ‘क’ पुढे ०, ०, ०. ‘ख’ पुढे ०, रिकामी, ०. ‘ग’ पुढे ०, १, ०. उत्तर आधी कागदावर लिहावे : ‘क’ गृहभेटीत, ‘ख’ तपासणीत, ‘ग’ कोठेच नाही. नंतर ‘रन’ ही कळ दाबून खाली येणारी नोंद ताडून पाहावी. पहिल्या वेळी परवानगी विचारली जाते. ती वाचून मगच द्यावी.

उत्तर जुळल्यावर घड्याळाच्या चिन्हाखालील ‘ट्रिगर’मध्ये रोजचा तास ठरवावा आणि यादी आपल्या स्वतःच्या ई-मेलवर येईल अशी योजना करावी. मुलांची नावे असलेला तक्ता दुवा मिळेल त्या कोणासही खुला ठेवू नये.

स्वाध्याय : ‘घ’ पुढे ०, ‘गै’, ० असे लिहिले आहे. हे नाव कोणत्या यादीत जाईल? कारण लिहा व चालवून पडताळा पाहा.