गटारीनंतरचा तिसरा दिवस

(मावशी सरकारी रुग्णालयांत परिचारिका होत्या. निवृत्तीआधीची बरीच वर्षं व्यसनमुक्ती विभागात गेली. आता वलवणला राहतात. भाचा कामशेतहून लोकलने आलाय.)

भाचा : मावशी, दादा म्हणतोय, एवढी गटारी होऊ दे, मग श्रावणात थेंबाला शिवणार नाही. महिनाभर कळ काढली की सुटेल ना?

मावशी : रोज किती घेतो?

भाचा : सकाळी उठल्या उठल्या एक क्वार्टर. त्याशिवाय चहाचा कप धरवत नाही, सांडतो. रात्रीपर्यंत अजून दोन-तीन. रस्त्याकडेची जमीन विकल्यापासून हे असंच चाललंय.

मावशी : मग त्याला म्हणावं, घरच्या घरी एकदम बंद करू नकोस.

भाचा : तू नर्स असून असं सांगतेस?

मावशी : म्हणूनच सांगते. दारू मेंदूला सुस्त करते. वर्षानुवर्षं रोज मिळाली की मेंदू तिच्या विरोधात स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. एका रात्रीत दारू काढून घेतली की ते चेतवणं तसंच राहतं आणि आवरणारं कोणी उरत नाही. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. मागच्या श्रावणात काय झालं होतं रे, मला नीट सांगितलंच नाहीत कुणी.

भाचा : तिसऱ्या दिवशी रात्री भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणून झाडू मारत बसला. मग कोयता घेऊन अंगणात, कोणीतरी आलंय म्हणे. वहिनीला ओळखेना. आजीने देवऋषी बोलावला. शेवटी त्याच्या मित्राने क्वार्टर पाजली, तेव्हा शांत झाला.

मावशी : बाहेरचं काही नव्हतं ते. डॉक्टर त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, वॉर्डात आम्ही नुसतं डीटी म्हणायचो. साधारण दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात येतं. ताप चढतो, नाडी धावते, उपचार नाही मिळाले तर माणूस जाऊ शकतो. श्रावण लागला की दोन-तीन दिवसांनी असे पेशंट यायचेच. गटारीला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवशी देवाची शपथ घेतलेले. शपथ खोटी नसते रे त्यांची, शरीर ऐकत नाही.

भाचा : मग ॲडमिट केल्यावर करतात काय? सलाइन लावून दारू धुऊन काढतात?

मावशी : धुऊन काढायला ती रक्तात उरलेली नसतेच. डिटॉक्स म्हणजे ती नसताना शरीराला सांभाळून नेणं. लिब्रियम किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या सुरुवातीला भरपूर, मग रोज थोड्या कमी करत आठवडा-दहा दिवसांत बंद. दर काही तासांनी नाडी, बीपी, ताप. हात पुढे करून बोटं पसरायला सांगायचं आणि कंप किती ते चार्टवर लिहायचं. थायमिन म्हणजे बी-वनचं इंजेक्शन, तेही ग्लुकोज लावायच्या आधी. पिणाऱ्याच्या अंगात ते जीवनसत्त्व उरलेलंच नसतं. नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, कधीकधी कायमची. गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सलाइन लावतात ना, तिथे हे विचारायचं.

भाचा : आणि सोबत नेलेलं सामान?

मावशी : बॅग उघडून बघतात. आफ्टरशेव्ह, सॅनिटायझर, खोकल्याचं औषध काढून घेतात. राग येऊ देऊ नका. रात्री दिवा चालू ठेवतात, समोर घड्याळ लावतात. भ्रमातल्या माणसाला वेळ आणि जागा कळली की भीती कमी होते.

भाचा : आमच्या गावातला एक पोरगा गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर होता. त्याचंही असंच असतं का?

मावशी : त्याला ‘टर्की’ म्हणतात. नाक गळतं, जांभया, हाडं फुटल्यासारखी दुखतात, उलट्या, जुलाब. दोन-तीन दिवस अगदी असह्य. पण सहसा जीव जात नाही, दारूच्या टर्कीत जाऊ शकतो. लोकांना उलटं वाटतं. गर्दवाल्याला धोका नंतर असतो : सवय मोडलेली असते आणि बाहेर येऊन जुन्याच मात्रेने घेतो, तिथे श्वास थांबतो. एमडीवाला, म्हणजे मेफेड्रोन घेणारा, पहिले काही दिवस नुसता झोपतो, मग उदास होतो, त्याला एकटं सोडायचं नाही. आणि अशा पोरांचे आईबाप पोलिसांना घाबरून लपवतात. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अंमली पदार्थांच्या कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, संरक्षण दिलंय.

भाचा : वहिनीने एक पावडर आणलीय. भाजीत मिसळायची, त्याला कळूही द्यायचं नाही.

मावशी : फेकून दे म्हणावं, आजच. असल्या पुड्यांत पुष्कळदा डायसल्फिराम असतं. त्यावर दारू पोटात गेली की छाती धडधडते, बीपी कोसळतं. हे औषध डॉक्टर देतात, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने.

भाचा : एका सेंटरवाल्याचा फोन आला होता. म्हणाला, गाडी पाठवतो, चार माणसं उचलून नेतील, सहा महिने भेटायचं नाही.

मावशी : अशांच्या दारात उभंही राहू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात. माणूस स्वतः तयार नसेल तर दोन तज्ज्ञांनी तपासून, त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं, पुढे पुन्हा तपासणी. साखळीने बांधायला तर सरळ बंदी आहे. रात्री डॉक्टर असतो का, नोंदणी आहे का, आम्हाला भेटू देता का, एवढं विचार. तिसऱ्या प्रश्नालाच बरेच जण फोन ठेवतात.

भाचा : मग जायचं कुठे?

मावशी : औंधचं जिल्हा रुग्णालय किंवा ससूनचा मानसोपचार विभाग. आणि येरवड्याचं मुक्तांगण. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दवर लिहिलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदत केली, आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये त्या मनोरुग्णालयाच्या आवारातच केंद्र सुरू झालं. तिथला मुक्काम ३५ दिवसांचा असतो.

भाचा : पण तू तर म्हणालीस आठवडा-दहा दिवस.

मावशी : ते शरीराचं. आठव्या दिवशी माणूस छान दिसायला लागतो, जेवतो, हसतो. घरचे म्हणतात, झाला बरा, भातलावणी खोळंबलीय, घेऊन जातो. तेच सगळ्यात जास्त फसतात. पिण्याची ओढ तर आता कुठे कळायला लागलेली असते. उरलेले दिवस त्यासाठी असतात. बोलणं, गटात बसणं, सकाळी उठून ठरल्या वेळी काम करणं. जे सुटलेत तेच तिथे नव्यांना समजावतात, आणि ते डॉक्टरपेक्षा जास्त पटतं. वहिनीलाही ने, पेशंटच्या बायकांसाठी वेगळा गट असतो.

भाचा : आई दादाला म्हणते, देहूला जाऊन माळ घाल.

मावशी : घालू दे की. माळेने सुटलेले मीही पाहिलेत, दर महिन्याच्या वारीत सोबत मिळते. पण डिटॉक्स झाल्यावर.

भाचा : मग गटारीला काय करू? पिऊ देऊ?

मावशी : गटारीपर्यंत थांबतोस कशाला? उद्याच सकाळची लोकल धर. रात्री त्याच्याशी भांडू नका, बाटली फोडू नका. शेवटची कधी घेतली, किती, पूर्वी फिट आली होती का, मुंग्या दिसल्या होत्या का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळं कागदावर लिही. लिव्हरचे जुने रिपोर्ट घे. तो आयत्या वेळी नाही म्हणाला तर १४४४६ लावून विचार, फुकट आहे. पण वाटेत फिट आली किंवा बरळायला लागला तर तळेगावलाच उतर आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात ने, येरवड्याचा हट्ट धरू नकोस.

भाचा : मुंग्यांचं पण लिहायचं?

मावशी : ते सगळ्यात वर लिही.