'गुलामगिरी' आणि धर्मग्रंथ : पोथी कोणाची, वाचणार कोण?



मागच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात महात्मा फुले यांच्याविषयी शिकवत होते. फळ्यावर लिहिलं, 'गुलामगिरी, १८७३'. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "मॅडम, गुलाम तर अमेरिकेत होते ना? मग फुल्यांनी पुस्तकाला हे नाव का दिलं?" लगेच दुसरी मुलगी म्हणाली, "आणि धर्माच्या पुस्तकातच गुलाम ठेवा असं लिहिलेलं असलं, तर ते बरोबर म्हणायचं का?"

तास संपला, पण प्रश्न संपले नाहीत. घरी येऊन वाचन केलं, नोंदी काढल्या. वर्गात जे सांगितलं ते थोडं विस्ताराने इथे देत आहे. शिक्षक मित्रांना उपयोगी पडेल, पालकांनीही वाचावं.

१) अमेरिकेत काय घडलं?

१८६० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या गुलामांची संख्या सुमारे ४० लाख होती. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेल्या माणसांची ही मुलं-नातवंडं. कापसाच्या शेतात राबायची. आपण खानदेशची माणसं, कापूस वेचताना बोटं कशी फाटतात ते आपल्याला सांगायला नको. तिथे मात्र मजुरी नव्हती, आणि मालक आईपासून लेकरू तोडून विकू शकत होता.

आता बघा, हे मालक स्वतःला धार्मिक समजत. रविवारी चर्चमध्ये जात. "हे योग्य कसं?" असं विचारलं की ते बायबल उघडत. बायबलच्या पहिल्याच भागात नोहाची गोष्ट आहे. नोहाने आपल्या नातवाला, कनानला, शाप दिला की तू भावांचा दास होशील. मालकांचे धर्मगुरू सांगत, ही काळी माणसं त्याच शापित वंशातली. खरं म्हणजे त्या गोष्टीत कातडीच्या रंगाचा उल्लेखच नाही. तो अर्थ मागाहून चिकटवलेला.

दुसरा पुरावा म्हणजे संत पौलाचं एक छोटं पत्र. पौलाने ओनेसिम नावाच्या दासाला त्याच्या मालकाकडे, फिलेमोनकडे, परत पाठवलं. मालक म्हणत, "बघा, पळालेला गुलाम परत करावा असंच धर्म सांगतो." गुलामगिरीचे विरोधक तेच पत्र पुढे वाचून दाखवत. पौल त्यात मालकाला सांगतो की याला आता दास म्हणून नको, भाऊ म्हणून घरात घे.

म्हणजे पत्र एकच, पण अर्थ दोन.

या भांडणात चर्चसुद्धा फुटली. १८४५ मध्ये दक्षिणेकडच्या बॅप्टिस्ट लोकांनी वेगळी संघटना काढली. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावं की नाही, यावरून वाद होता. याच संघटनेने १९९५ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी, त्या चुकीबद्दल जाहीर माफी मागितली.

२) फाडलेलं बायबल

इथे मुलांना मी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून वर्ग एकदम शांत झाला.

१८०७ मध्ये लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीज बेटांवरच्या गुलामांसाठी. पण ते पूर्ण नव्हतं. इजिप्तच्या राजाच्या गुलामीतून मोशेने आपल्या लोकांना कसं सोडवलं, तो भागच काढून टाकला होता. आज्ञा पाळा, असं सांगणारा भाग मात्र ठेवला होता.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत तर गुलामाला वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस हा गुलामीत जन्मलेला मुलगा. मालकीणबाईने त्याला मुळाक्षरं शिकवायला सुरुवात केली. तिच्या नवऱ्याने ते बंद पाडलं. वाचायला शिकला तर हा गुलाम म्हणून राहणार नाही, अशी त्याला भीती होती. डग्लस मग रस्त्यावरच्या पोरांकडून चोरून वाचायला शिकला, पुढे पळाला आणि गुलामगिरीविरुद्धचा मोठा वक्ता झाला. १८४५ च्या आत्मचरित्रात त्याने स्पष्ट लिहिलं की मालकांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा धर्म यांत फार मोठं अंतर आहे.

विचार करा. ग्रंथ जर मालकाच्या बाजूने होता, तर गुलामाला तो पूर्ण वाचू द्यायला मालक का घाबरत होता?

३) सरकार कोणाचं ऐकत होतं?

इंग्लंडमध्ये विल्यम विल्बरफोर्स आणि त्याच्या मित्रांनी ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारावर संसदेत गुलामगिरीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद झाला, आणि १८३३ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला. धर्माने सरकारवर चांगला दबाव आणल्याचं हे उदाहरण.

पण याच कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता! म्हणजे आपला देश बाहेर. आपल्याकडे १८४३ चा पाचवा कायदा आला. हा माणूस माझा गुलाम आहे, असा दावा कोर्ट मान्य करणार नाही, असं त्यात होतं. गुलाम विकणं-घेणं हा गुन्हा ठरला तो भारतीय दंड संहितेने. ती १८६२ पासून लागू झाली.

"म्हणजे आपल्याकडे पण होते?" मुलांनी विचारलं. होय, होते. पेशवाईत कुणबिणी आणि बटकी होत्या, त्यांची खरेदी-विक्री होत असे. मनुस्मृतीत दासांचे सात प्रकार सांगितले आहेत, नारदस्मृतीत पंधरा. हे लपवून इतिहास शिकवता येत नाही.

१८५८ चा राणीचा जाहीरनामाही इथे आठवावा. आपण ख्रिस्ती धर्म मानतो, पण तो प्रजेवर लादणार नाही, आणि प्रजेच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. वाचायला चांगलं वाटतं. पण धर्माच्याच नावाने ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्यांनी दाद कोणाकडे मागायची?

४) जोतीरावांनी काय केलं?

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तिथे त्यांना ख्रिस्ती विचार कळला. त्याच वयात त्यांनी थॉमस पेनचं मानवी हक्कांवरचं पुस्तक वाचलं. हा पेन चर्चवर कडक टीका करणारा होता. म्हणजे जोतीरावांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि निर्णय स्वतः घेतला. मिशनरींच्या शिक्षणकार्याचं त्यांनी कौतुक केलं, पण ते ख्रिस्ती झाले नाहीत.

१८६५ मध्ये अमेरिकेत घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. त्यानंतर आठ वर्षांनी जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुस्तकात जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद आहे. अवतारांच्या कथा ते एकेक करून तपासतात आणि विचारतात, या कथेने फायदा कोणाचा झाला? बळीराजाला पाताळात घालणं हा पराक्रम, की अन्याय? आपल्याकडे आजही दिवाळीत "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतात. लोकांच्या तोंडी राहिलेल्या त्या राजाकडे जोतीरावांनी नव्याने पाहायला लावलं.

आणि फाडलेल्या बायबलाची गोष्ट आठवा. आपल्याकडेही तेच होतं. गौतम धर्मसूत्रात वेद मुद्दाम ऐकणाऱ्या शूद्राला अंगावर काटा येईल अशी शिक्षा सांगितली आहे. म्हणजे ज्या ग्रंथाच्या नावाने ज्याच्यावर हुकूम चालायचा, त्यालाच तो ग्रंथ ऐकायची बंदी!

म्हणूनच जोतीराव आणि सावित्रीबाईंनी वाद घालण्याच्या आधी शाळा काढली, १८४८ मध्ये, मुलींची. आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सरकारला सुनावलं की शेतकऱ्याच्या कराचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर जातो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. ख्रिस्ती सरकार आहे म्हणून त्यांनी त्याला सोडलं नाही.

५) आपल्या खानदेशातली गोष्ट

हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं, असं वाटेल. आता चाळीसगावला या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृतीचं दहन केलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात आले. धुळ्याकडे एका गावाने अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. लोकांनी स्वागत केलं. पण महारवाड्यापर्यंत न्यायला टांगेवाला तयार होईना. अस्पृश्याचा टांगा हाकणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. शेवटी टांगा दिला, पण हाकणार नाही म्हणाला. मग वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडावर आपटले, पायाचं हाड मोडलं. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

बॅरिस्टर, सरकारी समितीचा सदस्य. कायदा त्यांच्या बाजूने होता. तरी टांगेवाल्याच्या मनातली पोथी जास्त बलवान ठरली. त्या टांगेवाल्याने मनुस्मृती वाचली नसणार. न वाचलेला ग्रंथसुद्धा माणसाच्या हातून अन्याय करवतो.

आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी धर्म मानणारे होते, विठ्ठलाचे भक्त होते. मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, आणि मंदिर खुलं झालं. चोखोबांना ज्या दारात थांबावं लागलं, ते दार एका भक्तानेच उघडायला लावलं. म्हणून धर्म मानणारा माणूस अन्यायाच्याच बाजूला असतो, असं समजू नका.

६) राज्यघटना काय म्हणते?

२६ जानेवारी १९५० पासून आपण एक मार्ग ठरवला. कलम २५ प्रत्येकाला धर्म पाळायचं स्वातंत्र्य देतं, पण ते इतर मूलभूत हक्कांच्या अधीन आहे. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी बंद केली. म्हणजे आता कोणी म्हणालं की आमच्या पोथीत असं लिहिलंय, तर उत्तर सोपं आहे. तुमची पोथी तुम्ही खुशाल वाचा, पण तिच्या नावाने दुसऱ्याला बांधता येणार नाही.

तास संपताना एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, माझे वडील सालदार आहेत. म्हणजे गुलाम का?"

मी म्हटलं, "नाही रे बाळा. आखाजीला साल ठरतं, मजुरी ठरते, तो कष्टाचा करार आहे. मान खाली घालायचं कारण नाही. पण कोणी म्हणालं की उचल घेतली आहे, फिटेपर्यंत जाता येणार नाही, तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती गुन्हा आहे, आणि ते कर्जही रद्द होतं. हे तू वाचून घरी सांगू शकतोस."

तो काही बोलला नाही. कलम २३ मात्र वहीत उतरवून घेतलं, आणि खाली दोन रेघा मारल्या.

मित्रांनो, मला वाटतं, शाळा यासाठीच असते. ग्रंथ कोणताही असो, धर्माचा, कायद्याचा किंवा कराराचा. ज्याचं आयुष्य त्यावर ठरतं, त्याला तो स्वतः वाचता आला पाहिजे. म्हणून आखाजीनंतर एखाद्या लेकराचं नाव पटावरून कमी होणार असेल, तर आपण त्याच्या घरी जाऊन यायलाच हवं.

विचार करा आणि लिहा

१) गुलामांसाठीच्या बायबलातून मोशेची गोष्ट का काढली असेल?

२) चाळीसगावच्या टांगेवाल्याला तुम्ही काय समजावून सांगाल? पाच ओळी लिहा.

३) घरातल्या मोठ्यांना विचारा : त्यांच्या लहानपणी गावात पाण्याच्या किंवा देवळाच्या बाबतीत कोणते नियम होते? आज त्यातलं काय बदललं, काय राहिलं?

४) कलम १७ आणि २३ पाठ करू नका, आपल्या शब्दांत घरी समजावून सांगा.