आधी पायाखालची जमीन बघ

अगं, सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी भंगारात न घालता तू आणि तुझा लेक मिळून ती पुन्हा रस्त्यावर आणणार, हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. त्यासाठी घरच्या पार्किंगमध्ये गाडी उचलायची लिफ्ट बसवायची म्हणतेस, त्यालाही माझी ना नाही. नुसत्या जॅकवर चढवलेल्या गाडीखाली उताणं पडून काम करण्यापेक्षा चांगली बसवलेली लिफ्ट केव्हाही बरी. पण लिफ्टवाल्याला होकार देण्याआधी माझं थोडं ऐक.

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत माझं सगळं आयुष्य मशीनची फाउंडेशनं टाकून घेण्यात गेलं. मशीन कितीही नामांकित असो, ते उभं राहतं खालच्या काँक्रीटवर. आणि दांडिया बाजारातल्या जुन्या घरात पायाखाली काय आहे, हे घरातल्या माणसालाही पुष्कळदा ठाऊक नसतं. लिफ्टवाला तुला मोटर दाखवेल, रंग दाखवेल, चार टनांचा आकडा सांगेल. तो आकडा लिफ्टच्या लोखंडाचा आहे, तुझ्या जमिनीचा नव्हे.

तुला आवडलेली दोन खांबांची लिफ्ट आधी समजून घे. गाडी खांबांच्या मधोमध असते आणि खांबांतून निघालेल्या हातांवर तोललेली असते. म्हणजे वजन नुसतं खाली दाबत नाही, दोन्ही खांबांना आतल्या बाजूला ओढत असतं. खांबाच्या तळपट्टीचे बाहेरच्या बाजूचे बोल्ट त्यामुळे सतत वर उपसले जात असतात. त्यांना धरून ठेवतं ते फक्त आजूबाजूचं काँक्रीट. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत किमान चार इंच जाड, एम-२० च्या आसपासच्या ताकदीचं, भेगा नसलेलं काँक्रीट मागितलेलं असतं. मोठ्या लिफ्टला सहा इंच किंवा त्याहून जास्त. हे किमान झालं. तू घेशील त्या मॉडेलची पुस्तिका पैसे देण्याआधी मागून घे. ती देत नाही, त्याच्याकडून लिफ्ट घेऊ नकोस.

आता तुझ्या पार्किंगकडे बघ. वर शहाबादी फरशी, तिच्याखाली चुना नाहीतर सिमेंटचा कोबा, आणि त्याखाली कधी काळी केलेला भराव. कोबा म्हणजे काँक्रीट नव्हे गं. त्यात फास्टनर ठोकला तर घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण भार आला की मुळासकट उपटून येतो. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची जमीन तडकते. जुन्या घरांत पार्किंगखाली पाण्याचं टाकं असू शकतं, बुजवलेली विहीर असू शकते, जुनी मोरी असू शकते. तुझ्या सासूबाईंना विचार. टाकं कुठपर्यंत पसरलंय हे नकाशापेक्षा त्यांना जास्त माहीत असेल. टाक्याच्या छतावर लिफ्टचा खांब उभा करायचा नाही, कितीही बारीक लिफ्ट असली तरी.

आणि ड्रिल लावण्याआधी गॅसची लाइन शोध. बडोद्यात पाइपचा गॅस १९७२ पासून आहे, म्हणजे काही घरांत ही लाइन बसून पिढी उलटली आणि नंतरच्या दुरुस्त्यांत ती फरशीखाली झाकली गेली. गॅसवाल्यांना बोलावून लाइनची जागा दाखवून घे, खडूनं आखून घे. पाण्याची आणि विजेची लाइनही त्याच वेळी आखून घे. हे काम एका सकाळचं आहे, आणि ते न करता ड्रिल चालवणाऱ्या माणसाला मी माझ्या आवारात पाऊल ठेवू दिलं नसतं.

जमीन कशी तपासायची? फरशी उचलून एका कोपऱ्यात छोटा खड्डा घ्यायचा आणि जाडी डोळ्यांनी बघायची. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं. कलाभवन तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ते काढलं ते हातानं काम करणाऱ्याला त्या कामामागचं शास्त्र कळावं म्हणून. पुढे दादासाहेब फाळक्यांसारखा माणूस तिथं शिकून गेला. आज तिथंच विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे, आणि तिथून शिकलेले इंजिनिअर तुमच्या गल्लीगल्लीत आहेत. असं असताना जमीन अंदाजानं ठरवू नकोस.

काँक्रीट अपुरं निघालं, आणि माझा अनुभव सांगतो की निघेलच, तर नवीन टाकून घे. कोबा फोडायचा, भराव काढायचा, मुरूम थरानं दाबायचा, आणि इंजिनिअर सांगेल त्या जाडीचा, सळ्यांची जाळी घातलेला पट्टा ओतायचा. मग पाणी मारायचं आणि अठ्ठावीस दिवस थांबायचं. आठवड्यात ते वरून टणक दिसतं, लिफ्टवाला घाई करतो, लेकही करेल. तू थांब. लिफ्ट बसवताना तळपट्टी सरळ काँक्रीटवर बसली पाहिजे, टाइलवर नाही. बोल्ट कडेपासून आणि जोडापासून पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर हवा. भोकातली धूळ फुंकून, ब्रशनं पूर्ण काढलेली हवी, कारण धुळीत फास्टनर पकड घेत नाही. बोल्ट टॉर्क पान्यानंच आवळायचा. आवळताना एखादा नुसता फिरत राहिला तर ते भोक बाद; तिथं पाचर मारून भागवणाऱ्याला थांबव. काही दिवस वापरल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे.

उंचीचा हिशेब तुला वहीवर मांडून दाखवते. पद्मिनीची उंची साधारण दीड मीटर. खाली उभं राहून काम करायचं तर पावणेदोन मीटर तरी हवेत. झाले सव्वातीन, आणि वर थोडी मोकळीक. तुमच्या तळमजल्याच्या तुळया दहा फुटांवर आहेत, म्हणजे तीन मीटरच्या जेमतेम वर. शिवाय पंखा आहे, आणि झोपाळ्याच्या जुन्या कड्या आहेत. दोन खांबांची पूर्ण उंचीची लिफ्ट तिथं मावत नाही. माझं मत विचारशील तर तुझ्यासाठी कात्रीची, कमरेइतकीच उचलणारी लिफ्ट योग्य. स्टुलावर बसून काम करावं लागेल, पण भार जमिनीवर सरळ येतो, उपसण्याचा ताण नाही, आणि नऊशे किलोच्या आसपासच्या गाडीला ती भरपूर आहे. काँक्रीट मात्र तिलाही चांगलंच लागतं.

विजेचं थोडक्यात सांगते. मोटर साधारण दोन किलोवॅटची असते आणि सुरू होताना कितीतरी पट करंट खेचते. घराच्या जुन्या वायरिंगवर ती टाकायची नाही. मीटरपासून वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. मंजूर लोड कमी पडत असेल तर वीज कंपनीकडे, एमजीव्हीसीएलकडे, अर्ज कर. मोटर आणि स्विच भिंतीवर उंच बसव. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीनं धोक्याची रेषा ओलांडून पस्तीस फुटांच्या वर मजल मारली, तेव्हा शहरात किती गाड्या आणि किती मोटरी बुडाल्या ते आपण पाहिलंय. म्हणूनच कुणी तुला म्हणेल, पूर आला की गाडी लिफ्टवर चढवून ठेव. ठेवायची असेल तर पाणी येण्याआधी चढव, लॉकवर टेकव आणि मेन बंद कर. पाणी ओसरल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि भिजलेल्या जमिनीत नवी भेग पडली आहे का ते बघितल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी तेल उचलतं, पण धरून ठेवायचं काम तेलाचं नाही. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या पीटर लुनाटी नावाच्या मेकॅनिकनं १९२५ मध्ये न्हाव्याची वरखाली होणारी खुर्ची बघून गाडीची हायड्रॉलिक लिफ्ट बनवली. त्याला शंभर वर्षं झाली, तरी तेलाचा स्वभाव बदललेला नाही. सील झिजतं, नळी फुटते, आणि दाब क्षणात जातो. म्हणून लिफ्टला लोखंडी दात आणि खिट्टी असते, तिला लॉक म्हणतात. गाडी हव्या त्या उंचीपेक्षा थोडी वर न्यायची, मग खाली सोडून त्या दातांवर टेकवायची. दोन्ही बाजूंचे लॉक बसल्याचा आवाज ऐकायचा, आणि तेवढ्यावर न थांबता वाकून डोळ्यांनी बघायचे. एक बसला आणि एक नाही, असं झालं तर गाडी परत वर घेऊन पुन्हा टेकवायची. हे रोज, प्रत्येक वेळी. लेकाला ही सवय पहिल्या दिवशी लाव. ‘एकच नट काढायचाय, दोन मिनिटांचं काम आहे’ असं तो म्हणेल त्या दिवशी तू तिथं उभी राहा.

उचलताना चाकं जमिनीपासून वीतभर सुटली की थांबायचं आणि गाडीला बाजूनं चांगला धक्का देऊन बघायचं. हलली, डुलली, तर खाली घेऊन पॅड नीट लावायचे. पॅड कुठं लावायचे ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. तुमच्या पद्मिनीच्या बाबतीत मला याचीच जास्त काळजी वाटते. तिला वेगळी चासी नाही, बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो, आणि इतक्या वर्षांत दरवाज्याखालचा तो पत्रा आतून गंजलेला असणारच. आधी स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. टोक आत गेलं तर त्या जागी गाडी उचलायची नाही. पत्रा बदलेपर्यंत अॅक्सलखाली आधार घ्यायचा. इंजिन उतरवणार असाल तर पुढचं वजन जाऊन गाडी मागे कलंडू शकते, म्हणून इंजिन काढायच्या आधीच मागे भक्कम घोड्या लावा.

आणि गणपतीत तुमच्या घरी आरतीला गल्लीतली सगळी पोरं जमतात, ती पार्किंगमध्येच धावतात. स्विचला किल्ली असलेला पॅनेल घे, ती किल्ली तुझ्या कमरेला ठेव. लेक एकटा घरी असताना त्यानं गाडीखाली जायचं नाही, हा नियम त्याला आवडणार नाही, तरी तो तू कर. हाक ऐकणारं आणि १०८ लावणारं माणूस घरात हवं.

या आठवड्यात एवढंच कर: सासूबाईंना टाक्याबद्दल विचार, गॅसवाल्यांना फोन कर, आणि फरशी उचलून कोबा किती आहे ते मोजून मला सांग. माप कळेपर्यंत लिफ्टवाल्याला एक रुपयाही अॅडव्हान्स देऊ नकोस.