रचनेचे छायाचित्र

छायाचित्रात रचना आणायची तर नुसता आकार शोधून भागत नाही. तो आकार कोणत्या कारणाने घडला हे आधी पाहावे लागते, असे माझे मत आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील कवेलूंचे छप्परच घ्या. खालची कवेलू उताणी, वरची पालथी. उताण्यांतून पाणी वाहते, पालथी सांधे झाकतात. भर दुपारी हेच छप्पर चित्रात तांबड्या फडक्यासारखे सपाट दिसते. सकाळी ऊन तिरपे असताना प्रत्येक ओळीची सावली शेजारच्या पन्हळीत पडते आणि पाण्याची वाट स्पष्ट उमटते. कॅमेरा मात्र वर कलवू नये. भिंतींच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात. त्यापेक्षा मागे सरावे.

नवेगावबांधच्या जंगलातला ऐन पाहा. खोड आतून जाड होत जाते, बाहेरची मृत साल ताणली जात नाही, म्हणून ती मगरीच्या पाठीसारखी तडकते. येथेही उजेड बाजूचाच हवा. आपली हौशी मंडळी शेंडा चौकटीत बसवण्याच्या नादात सालच गमावतात!

माझा सर्वांत आवडता विषय म्हणजे धानाचे पुंजणे. लोंब्या आत, बुडखे बाहेर. दाणा आपोआप झाकला जातो. शेजारी माणूस उभा करावा, नाहीतर उंची कळत नाही. पण कवेलूंच्या जागी स्लॅब येत आहेत आणि यंत्राने कापणी-मळणी एकदमच झाली, की पुंजणे रचलेच जात नाही. मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा हलके धान कापलेले असेल. मळणीपूर्वी बांधीवर पोचा.