मेलमधला मजकूर बघून मेलची वर्गवारी: जीमेलचा फिल्टर कसा लावायचा?



या आठवड्याच्या व्हिडिओत जीमेलचा फिल्टर लावून दाखवला. दुकानात बसून स्वतः करून बघणाऱ्यांसाठी पायऱ्या इथे लिहून देतोय. पण आधी माझी चूक सांगतो.

जाहिरातींच्या मेलना कंटाळून मी एक फिल्टर लावला होता. मेलमध्ये 'ऑफर' शब्द दिसला की तो इनबॉक्समध्ये न येता थेट 'जाहिरात'मध्ये जाणार. इनबॉक्स एकदम साफ! दिवाळीच्या तोंडावर एका कंपनीचा मेल आला: साठ गिफ्ट बॉक्स हवेत, बेस्ट ऑफर कळवा. झालं, तोही जाहिरातींत जाऊन बसला. मला दिसला सहा दिवसांनी. तोवर त्यांनी दुसरीकडून माल घेतला होता. यात जीमेलची चूक नाही, मी सांगितलं तेच त्याने केलं.

म्हणून लक्षात ठेवा: फिल्टर लावायला दोन मिनिटं लागतात, खरं काम आहे शब्द निवडण्याचं.

आधी लेबल ठरवा

जीमेलमध्ये फोल्डरऐवजी लेबल असतात. एका मेलला दोन लेबलंही लागतात. छोट्या धंद्याला सुरुवातीला तीन पुरे:

- चौकशी: गिऱ्हाईक भाव विचारतं ते मेल. शब्द: कोटेशन, रेट, प्राइस. इंग्रजी स्पेलिंगसोबत मराठीतले 'दर', 'भाव'सुद्धा टाका, कारण काही गिऱ्हाइकं मराठीत लिहितात.
- खरेदी बिलं: शब्द: इन्व्हॉइस, टॅक्स इन्व्हॉइस. सोबत 'हॅज अटॅचमेंट'वर टिक. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बीची तारीख २० असते. त्याआधी सीएने बिलं मागितली की शोधाशोध नको.
- जाहिरात: इथे असा शब्द हवा, जो जाहिरातवाला लिहितो पण गिऱ्हाईक लिहीत नाही. असा शब्द म्हणजे 'अनसबस्क्राइब'. 'डझन्ट हॅव'च्या रकान्यात 'इन्व्हॉइस' टाका, म्हणजे व्यापाऱ्याचं बिल त्यात अडकणार नाही.

आता पायऱ्या

१. कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. मोबाइल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही.
२. वरच्या सर्चच्या चौकटीत उजवीकडच्या चिन्हावर क्लिक करा.
३. 'हॅज द वर्ड्स'मध्ये शब्द लिहा. दोन शब्दांमध्ये इंग्रजी 'ऑर' कॅपिटल अक्षरांत हवा. दोन शब्द जोडीनेच यायला हवे असतील, तर अवतरण चिन्हात टाका.
४. आधी नुसतं 'सर्च' दाबा आणि आलेले जुने मेल वाचा. भलते मेल आले तर शब्द बदला. ही पायरी मी गाळली होती!
५. यादी बरोबर वाटली की पुन्हा त्याच चिन्हावर जाऊन 'क्रिएट फिल्टर' दाबा.
६. 'अप्लाय द लेबल'वर टिक करून लेबल निवडा. जुन्या मेलनाही लेबल हवं असेल तर 'ऑल्सो अप्लाय फिल्टर' या ओळीवरही टिक करा. नाहीतर फक्त नव्या मेलना लागेल.

'स्किप द इनबॉक्स' जपून वापरा

हा पर्याय निवडला की मेल इनबॉक्समध्ये दिसतच नाही. 'चौकशी'ला तो कधीच लावू नका. उलट तिथे 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' निवडा, कारण स्पॅममधले मेल ३० दिवसांनी आपोआप डिलीट होतात. 'जाहिरात'लासुद्धा पहिले पंधरा दिवस नुसतं लेबल लावा. एकही गिऱ्हाईक त्यात सापडलं नाही, तरच इनबॉक्समधून बाहेर काढा. त्यानंतरही रोज दुकान बंद करताना एकदा त्यावर नजर टाकायची. गल्ला मोजतो तसंच!

आजचा गृहपाठ: तुमच्या गिऱ्हाइकांचे शेवटचे दहा मेल उघडा. भाव विचारताना ते कोणते शब्द वापरतात, ते वहीत लिहा. तुमचा पहिला फिल्टर त्याच शब्दांचा बनवा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!