लाल रेघ आणि अनोळखी माणसं

मराठी शुद्धलेखन तपासण्यासाठी शब्दांची सूची आणि प्रत्ययांचे नियम तयार करून मी मुक्त परवान्याखाली गिटहबवर ठेवले, त्याला आता बरीच वर्षं झाली. साचा हन्स्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाचा, कारण लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स तोच वापरतात. या उद्योगातून उमगलेलं थोडंफार.

१. सगळ्यांसाठी खुलं असलेलं काम बराच काळ कुणाचंच नसतं. लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१मध्ये लिनक्सची वार्ता दिली ती मिनिक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांना, आणि मिनिक्समधलं काय आवडतं, काय खुपतं हे विचारत. ज्यांचं घोडं तिथे अडलं होतं त्यांनाच त्याने हाक मारली. माझी हाक अख्ख्या महाराष्ट्राला होती. ‘स्तुत्य उपक्रम’ असे अभिप्राय भरपूर आले, माणूस एकही नाही. मग मुद्रितशोधकांच्या आणि अनुवादकांच्या ओळखी काढत गेलो, तेव्हा कुठे हालचाल सुरू झाली.

२. लोक माझ्या स्वप्नासाठी येत नाहीत, स्वतःच्या वैतागापायी येतात. प्रकल्पाच्या माहितीत मी मराठीच्या भवितव्यावर चार परिच्छेद लिहिले होते. ते कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. पहिला मदतनीस आला तो ‘पाण्याने’खाली लाल रेघ उमटली म्हणून चिडून. मराठीत सूचीत ‘पाणी’ असून भागत नाही. त्याचं सामान्यरूप ‘पाण्या’, मग त्यापुढे ने, ला, चा, आणि त्याही पुढे ‘सुद्धा’ नाहीतर ‘च’. हे सगळं नियमांच्या फाइलीत बसवायचं. बरं, नियम जरा सैल केला की ‘लोण्याला’बरोबर ‘हत्त्याला’ही शुद्ध ठरतो! त्या गृहस्थांनी पाणी, लोणी, मोती यांचा एक गट करून नियम नीट बांधला आणि निघून गेले. पुन्हा कधी आले नाहीत. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, एक नियम कायमचा सुटला, आणखी काय हवं?

३. सोपी कामं स्वतः करायची नसतात. हे मला अजूनही जड जातं. दहा मिनिटांचं काम समोर दिसत असताना त्याची नोंद करून ‘नवख्यांसाठी’ असा शिक्का मारायचा आणि वाट पाहत बसायचं! पण यजमानानेच पातेलं संपवलं तर पाहुण्याने जेवायचं काय? एका विद्यार्थिनीने अशाच कामापासून सुरुवात केली: प्रकल्प चालू करण्याच्या माझ्या सूचना पाळताना ती जिथे जिथे अडली, ती प्रत्येक जागा तिने नीट लिहून काढली. ते पान आज सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं.

४. नकार पचतो, शांतता पचत नाही. ‘पाहिलं, रविवारी सविस्तर लिहितो’ एवढ्यावरही माणूस टिकतो. माझा सगळ्यांत अवघड नकार एका निवृत्त शिक्षकांना होता. त्यांनी एका छापील कोशातले शब्द रात्री जागून टंकून पाठवले होते. कोशावर प्रकाशकाचा हक्क होता, त्यामुळे ते घेता येत नव्हते. मोल्सवर्थचा १८५७चा कोश हक्कमुक्त आहे, पण त्यातली जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ आजच्या नियमांना धरून नाहीत. हे सगळं समजावून लिहिलं आणि आता हे गेलेच असं धरून चाललो. महिन्याभराने त्यांच्याकडून तिफण, पाभर, कुळव असे शेतीच्या अवजारांचे शब्द येऊ लागले, रूपांसकट. त्यांना कोडची एक ओळ येत नाही. ते कागदावर लिहून फोटो पाठवतात.

५. भांडणं कोडवरून होतील असं वाटलं होतं. झाली ती ऱ्हस्व-दीर्घावरून. शुद्धलेखनाचे १९६२चे नियम, त्यात १९७२ची भर, आणि त्या दोन्हींवर नाराज असलेली हुशार माणसं. शेवटी प्रकल्प कोणते नियम पाळतो आणि वादात अंतिम शब्द कुणाचा, हे एका पानावर लिहून टाकलं. वाद संपले नाहीत, पण तेच ते होईनात.

६. बदल आत घेण्याच्या किल्ल्या एकट्याकडे ठेवण्यात शहाणपण नाही, आणि घाईने वाटण्यातही नाही. २०२४मध्ये एक्सझेड या छोट्या साधनात चोरदार सापडलं. ते सांभाळणारा माणूस एकटा होता, थकलेला. त्याला दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवलेल्या कुणीतरी ते आत घातलं होतं. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे अँड्रेस फ्रॉइंड नावाचा प्रोग्रॅमर खोदत गेला, म्हणून ते उघडकीला आलं. अनेकांनी यातून नवख्यांवर विश्वास न ठेवण्याचा धडा घेतला. मला तो थकलेला माणूस जास्त दिसला. आमच्याकडे आता तिघांकडे किल्ल्या आहेत, आणि माझा बदलही दुसऱ्या कुणीतरी पाहिल्याशिवाय आत जात नाही.

तुमच्याकडची अवजारं, भाज्या, मासे यांची नावं लिहिताना खाली लाल रेघ येत असेल तर ती कळवा, अशा एखाद्या प्रकल्पाला. कागदावर लिहून फोटो पाठवलात तरी चालेल.